नियमपत्रकाची दुसरी बाजू कोरीच का?

विज्ञान महाविद्यालयांत प्रथम वर्षाचे वर्ग सुरू झाले की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच रसायनशास्त्र विभागाकडून विद्यार्थ्यांच्या हाती एक नियमपत्रक पडते. ७५ टक्के उपस्थिती अनिवार्य; पांढरा कोट घातल्याखेरीज प्रयोगशाळेत प्रवेश नाही; जर्नल वेळोवेळी तपासून घेतलेच पाहिजे; प्रमाणित जर्नलाशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येणार नाही; काचसामान फुटल्यास त्याची किंमत वसूल करण्यात येईल; अंतर्गत परीक्षेस गैरहजर राहिल्यास पुन्हा संधी मिळेलच असे नाही. शब्द महाविद्यालयागणिक थोडेफार बदलतात, आशय बदलत नाही. खाली विद्यार्थ्याने सही करावयाची असते, आणि बहुधा पालकांनीही. पत्रक प्रायः इंग्रजीत असल्यामुळे सही करणाऱ्या पालकांपैकी कितीजणांना ते वाचता येते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रस्तुत लेखक रसायनशास्त्राचा अध्यापक नाही. अर्थशास्त्र शिकविणे हा त्याचा व्यवसाय. परंतु करारनाम्याकडे पाहण्याची एक सवय या व्यवसायामुळे जडते. कोणत्याही करारात दोन पक्ष असतात आणि दोघांनीही एकमेकांचे काही देणे मान्य केलेले असते. या पत्रकात एकच पक्ष आढळतो. विद्यार्थ्याने काय करावे आणि ते न केल्यास त्याचे काय होईल, हे त्यात तपशिलाने सांगितलेले आहे. महाविद्यालयाने त्याला काय द्यावे, आणि ते न दिल्यास काय, याबद्दल अवाक्षर नाही. कागदाची पाठची बाजू कोरी असते. आज विचार करावयाचा आहे तो या कोऱ्या बाजूचा.

हा प्रश्न सर्वांचा का?

एका विषयाच्या एका वर्षाच्या नियमांसाठी दैनिकाची जागा कशाला खर्च करावयाची, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर प्रयोगशाळेबाहेर शोधावे लागेल. बी.एस्सी.च्या प्रथम वर्षास रसायनशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींपैकी संशोधक होणारे थोडे. उरलेल्यांतून साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचे नमुने तपासणारे केमिस्ट निघतात, दूध संघात स्निग्धांश मोजणारे निघतात, औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात काम करणारे निघतात. तारापूर, महाड, लोटे-परशुराम येथील कारखान्यांतून पाळी करणारे निघतात, आणि शाळेत विज्ञान शिकविणारे शिक्षकही यांच्यातूनच निघतात.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. गावच्या विहिरीत वा टाकीत टाकण्यासाठी ग्रामपंचायत जी विरंजक भुकटी वापरते आणि खेडोपाडी जिला टीसीएल म्हणतात, तिची शक्ती तीत उपलब्ध असलेल्या क्लोरीनवर अवलंबून असते. ताज्या, चांगल्या भुकटीत तो सुमारे ३३ टक्के असतो. उघड्या पोत्यात, दमट कोठीत तो दिवसेंदिवस उडून जातो. तो किती उरला हे पाहण्याची रीत अशी : भुकटीच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड व आम्ल घालावयाचे, त्यातून सुटलेले आयोडीन थायोसल्फेटच्या द्रावणाने मोजावयाचे, आणि स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला त्या क्षणी ब्युरेटवरील आकडा वाचावयाचा. पदवीच्या आरंभीच्या वर्षांत विद्यार्थी जे अनुमापन शिकतात, त्याचाच हा प्रकार आहे. प्रथम वर्षास ज्याने ब्युरेट न वाचता आकडा लिहिण्याची सवय लावून घेतली, त्याच्या हाती पाच वर्षांनी तालुक्याच्या पाण्याचे नमुने येऊ शकतात. त्याने लिहिलेला आकडा खरा की जुळवलेला, हे पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येईपर्यंत कोणालाही कळत नाही. प्रथम वर्षाच्या नियमांचे मोल या ठिकाणी आहे.

प्रवेशाची अट आणि तिच्यामागील पोकळी

प्रवेशासाठी अट असते ती बारावी विज्ञान उत्तीर्ण असण्याची. राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्रात ७० गुणांची लेखी परीक्षा व ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते. कागदोपत्री पाहता पदवीच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकाने दोन वर्षे परीक्षानळ्या हाताळलेल्या असल्या पाहिजेत. वस्तुस्थिती काय आहे, हे प्रथम वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकास उभ्या असणाऱ्या कोणत्याही अध्यापकास विचारावे. पिपेट कोणत्या टोकाने धरावी येथून आरंभ करावा लागतो.

याचा सर्व दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अभियांत्रिकीसाठी जेईई व राज्याची सीईटी, वैद्यकीयसाठी नीट या परीक्षांत प्रात्यक्षिकाला एकही गुण नाही. ज्याला गुण नाही त्याला वेळ नाही, हा हिशेब सोळा वर्षांच्या मुलालाही समजतो. त्यातून कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि शिकवणीवर्गात शरीर, अशी ‘इंटिग्रेटेड’ पद्धत रूढ झाली. तिला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. बोटाचा ठसा उमटविणारे यंत्र आले म्हणून ते बोट ब्युरेटच्या तोटीला लागेलच असे नाही, हे पुढे दिसून आले. २०२१ मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली व निकाल ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षाची परिस्थिती असामान्य होती हे मान्य. परंतु प्रयोगशाळा पाहिल्याखेरीज विज्ञानाचे प्रमाणपत्र देता येते, हे त्या वर्षाने सर्वांसमक्ष सिद्ध केले.

डिसेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात आणखी एक पाऊल पुढे टाकण्यात आले. बारावीला विषय कोणतेही असोत, त्या त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास पदवीसाठी हवी ती शाखा घेता यावी, असे त्यात सुचविण्यात आले होते. तत्त्व म्हणून त्याचे स्वागतच केले पाहिजे. मूळ विषयाशी संबंध नसलेल्या अटी विद्येचे किती नुकसान करतात, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. याच कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्या अटीचा रसायनशास्त्राशी काडीचाही संबंध नव्हता.

तेव्हा दरवाजा रुंद करावा याबद्दल वाद नाही. पण दरवाजा रुंद केला की आतली पहिली पायरी रुंद आणि भक्कम करावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोग झालेले नाहीत हे गृहीत धरून पदवीच्या पहिल्या सत्रात निदान तीन-चार आठवडे केवळ हात बसविण्यासाठी दिले जात नसतील, तर सर्वांना प्रवेश देणे म्हणजे अनेकांना आत घेऊन मागच्या दाराने बाहेर काढणे होय.

७५ टक्क्यांचा हिशेब

आता उपस्थितीच्या अटीकडे वळू. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदविले होते. त्याचा सर्वसाधारण आशय असा, की एखादे मोजमाप नियंत्रणाचे साधन झाले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी होते. उपस्थितीचे असेच झाले आहे. विद्यार्थी शिकतो की नाही हे पाहण्यासाठी हजेरी हा एक खुणेचा दगड होता. आता हजेरी हेच गंतव्य स्थान झाले. सत्राच्या अखेरीस ‘डिफॉल्टर’ची यादी फलकावर लागते, मग वैद्यकीय प्रमाणपत्रे येतात, पालकांकडून हमीपत्रे घेतली जातात, आणि बहुतेकांची नावे यादीतून निघतात. कोणालाही थांबविण्याची प्राचार्यांची इच्छा नसते, कारण पुढील वर्षीच्या तुकडीची संख्या त्यांनाही टिकवायची असते. नियम कडक आणि अंमल सैल अशा या व्यवस्थेत जो प्रामाणिकपणे खरे कारण सांगतो, तोच अडचणीत सापडतो.

शिवाय या ७५ टक्क्यांत व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांना एकाच मापाने मोजले जाते, ही त्याहून मोठी चूक आहे. पहाटे दुधाची लाइन टाकून किंवा रात्री कुरिअरच्या कचेरीत काम करून शिकणारी मुले आज प्रत्येक वर्गात आहेत. एस.टी.ची एक फेरी रद्द झाली की पहिला तास बुडणारी मुलेही आहेत. अणुरचनेवरील एखादे व्याख्यान चुकले तर ते पुस्तकातून, मित्राच्या वहीतून, वा आता भ्रमणध्वनीवरील चित्रफितीतून भरून काढता येते. अनुमापनाचा अंतिम बिंदू पुस्तकातून पाहता येत नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग कोणत्या थेंबाला येतो आणि पुढच्या एका थेंबाने कसा गडद होतो, हे डोळ्यांनी आणि बोटांनी शिकावयाचे असते.

म्हणून व्याख्यानांच्या बाबतीत हा नियम सैल करावा आणि प्रात्यक्षिकांच्या बाबतीत तो १०० टक्के करावा, असे सुचवावेसे वाटते. त्याला एक पूरक अट मात्र हवी : चुकलेला प्रत्येक प्रयोग सत्र संपण्यापूर्वी भरून काढण्याचा ठरावीक दिवस महाविद्यालयाने आधीच जाहीर केला पाहिजे. आज चुकलेला प्रयोग भरून काढण्याची प्रचलित रीत म्हणजे शेजाऱ्याचे जर्नल घरी नेणे.

प्रमाणपत्र कशाचे?

जर्नलाच्या पहिल्या पानावर एक प्रमाणपत्र असते. अमुक विद्यार्थ्याने विद्यापीठाने ठरवून दिलेले प्रयोग समाधानकारकपणे पूर्ण केले आहेत, असे विभागप्रमुख त्यात सहीनिशी सांगतात. हे जर्नल स्वच्छ असते, आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या असतात, तक्ते आखीव असतात. अनुमापनाच्या तक्त्यात तीन वाचने असतात : ९.८, ९.८ आणि ९.८. स्थिर वाचन ९.८. नवशिक्या हाताने तीन वेळा केलेल्या अनुमापनात तिन्ही वेळा तोच आकडा यावा, हे अशक्य नसले तरी तुकडीतील साऱ्यांच्याच वह्यांत यावे हा चमत्कार मानावा लागेल. असे चमत्कार दर गुरुवारी दुपारी घडतात, आणि तपासणारे शिक्षक त्यावर सही करतात.

यात विद्यार्थी खोटारडा आहे असे म्हणून चालणार नाही. तो विवेकाने वागत आहे. ‘बरोबर’ उत्तर द्रावण तयार करणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाला ठाऊक असते आणि दुपारपर्यंत ते तुकडीभर पसरते. त्याच्या जवळ जाणाऱ्या आकड्यास पूर्ण गुण, दूर जाणाऱ्यास कमी गुण. ९.६, १०.१ आणि ९.८ असे खरे आकडे लिहिणारा मुलगा गुण गमावतो आणि वर ‘पुन्हा कर’ हे ऐकतो; जुळवून लिहिणारा वेळेवर घरी जातो. खोट्याला बक्षीस आणि खऱ्याला दंड अशी रचना केल्यावर बाजारात कोणता माल राहील, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

उपाय मोठे खर्चाचे नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्यास थोड्या वेगळ्या संहतीचे अज्ञात द्रावण द्यावे, म्हणजे शेजाऱ्याचे उत्तर उपयोगी पडणार नाही. ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ अशा दोन वह्यांची प्रथा बंद करावी. एकच बांधीव वही, पानांवर छापील क्रमांक, शाईने लेखन, चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, आणि प्रयोगशाळा सोडण्यापूर्वी त्या दिवसाच्या पानावर शिक्षकांची तारखेसह सही, ही पद्धत अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षापासून पाळली जाते. औषधनिर्मितीच्या कारखान्यात नोंदी अशाच ठेवाव्या लागतात. तेथे खाडाखोड लपविणे हा अपराध समजला जातो. पांढऱ्या कागदावरील सुबक अक्षराला गुण देण्याऐवजी, आपले वाचन का चुकले असावे याच्या दोन ओळींना गुण द्यावेत. आणि लेखी व प्रात्यक्षिक यांत उत्तीर्ण होण्याची अट स्वतंत्र असावी. लेखीचे गुण हातांच्या अज्ञानावर पांघरूण म्हणून वापरता येऊ नयेत.

चलन आणि त्यामागील सोने

येथवर विद्यार्थ्याच्या बाजूचे नियम झाले. आता कोऱ्या बाजूकडे येऊ.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून श्रेयांकांची नवी रचना लागू झाली. व्याख्यानांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. हे श्रेयांक एका राष्ट्रीय पेढीत जमा होतात आणि विद्यार्थी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत ते घेऊन जाऊ शकतो. थोडक्यात, श्रेयांक हे चलन झाले आहे. नोटेवर जसे वचन असते तसे त्या प्रत्येक श्रेयांकावर एक अलिखित वचन आहे, की यामागे प्रयोगशाळेतील ३० तास आहेत.

ते आहेत काय? प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक म्हणजे ६० तास, अर्थात १५ आठवडे आणि दर आठवड्यास ४ तास. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे पहिले दोन आठवडे गेले, सणांच्या सुट्ट्यांत एक गेला, आणि अंतर्गत परीक्षेत आणखी एक गेला असे धरले तर उरतात ११ आठवडे, म्हणजे ४४ तास. त्यातून साहित्य वाटप, हजेरी आणि जर्नल तपासणी यांचा दर वेळी एक तास वजा केल्यास ३३ उरतात. ब्युरेट दोघांत एक असेल तर प्रत्यक्ष हाताला काम मिळते ते याच्या निम्मे, सोळा-सतरा तास. विद्यार्थ्याच्या खात्यावर मात्र दोन श्रेयांक पूर्ण जमा होतात. हा हिशेब नमुन्यादाखल आहे. प्रत्येक वाचकाने आपापल्या महाविद्यालयाचे आकडे घालून पाहावेत. तारणाशिवाय नोटा छापणाऱ्या सरकारला आपण नावे ठेवतो. विद्यापीठे तेच करीत असतील तर त्याला काय म्हणावे?

दुसरे, हे तास घेतो कोण? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन केले; स्वतः नामवंत संशोधक असूनही कनिष्ठ वर्गांना शिकविणे त्यांना विशेष प्रिय होते, कारण मन घडते ते तेथे. आपल्याकडे प्रथम वर्षाची प्रात्यक्षिके बहुधा तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या वाट्यास येतात. तो तरुण असतो, पुष्कळदा उत्तमही असतो. पण तीन महाविद्यालयांत धावाधाव करून महिने न् महिने मानधनाची वाट पाहणाऱ्या माणसाकडून वीस जर्नलांतील खरे-खोटे शोधण्याची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांची रिक्त पदे हा वेगळ्या लेखाचा विषय होईल.

तिसरे, साहित्य. काचसामान फुटल्यास दंड, हा नियम वरकरणी योग्य वाटतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो की ज्याच्या खिशात दंडाचे पैसे नाहीत तो मुलगा ब्युरेटला हातच लावत नाही. वाचने लिहून घेण्याचे काम आपल्याकडे घेतो आणि तीन वर्षे लेखनिक म्हणून काढतो. शिकताना थोडे फुटणार हा शिक्षणाचा खर्च आहे, गुन्हा नव्हे. सिल्व्हर नायट्रेट महाग म्हणून त्याचा प्रयोग अनेक ठिकाणी केवळ ‘दाखविला’ जातो, तेही याच मालिकेत बसते.

आणि शेवटी सुरक्षितता. पांढऱ्या कोटाचा आग्रह सर्वत्र आहे. डोळ्यांवरील संरक्षक चष्म्याचा आग्रह किती ठिकाणी आहे? आम्ल डोळ्यात उडाल्यास तत्काळ धुण्याची सोय कोठे आहे? पिपेट तोंडाने ओढण्याची प्रथा आजही दृष्टीस पडते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, हवेत पेट घेणारे रसायन हाताळताना एक तरुण संशोधन सहायिका भाजली व पुढील महिन्यात मरण पावली. तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा कोट नव्हता. तेवढ्यावरून दोष तिचा आहे असे म्हणून प्रकरण मिटले नाही. फौजदारी खटला उभा राहिला, आणि २०१२ मध्ये प्रयोगशाळेतील परिस्थितीची जबाबदारी विद्यापीठाला स्वीकारावी लागली. नियम मोडणारा शिष्य असला तरी नियम पाळला जाईल अशी व्यवस्था उभारण्याचे उत्तरदायित्व संस्थेचे असते, हा त्या प्रकरणाचा बोध आहे. २०१६ व २०२४ मध्ये डोंबिवलीत कारखान्यांतील स्फोटांनी जी माणसे गेली, त्यांची कारणे प्रथम वर्षाच्या वर्गात शोधणे हास्यास्पद ठरेल. परंतु धोक्याची जाणीव आणि नोंदीचा प्रामाणिकपणा या गोष्टी कारखान्यात नोकरी लागल्यावर अचानक अंगी येत नाहीत, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप पैशाचा. अनुदान आटत असता प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट आणि चष्मा कोठून द्यावयाचा? हा आक्षेप खरा आहे, पण पुरा नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील बोडन व मेरिमॅक या दोन महाविद्यालयांच्या अध्यापकांनी अत्यल्प प्रमाणात रसायने वापरून प्रयोग करण्याची पद्धती विकसित केली. द्रव्य कमी लागते, धूर कमी होतो, सांडपाणी कमी होते. ग्रामीण महाविद्यालयास ही पद्धत अधिकच सोयीची आहे. शिवाय प्रात्यक्षिकाचे शुल्क विद्यार्थी भरतातच. ते किती जमले आणि कशावर खर्च झाले, हे विभागाच्या फलकावर लावण्यास काहीही खर्च येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की नियम असे कडक केले तर मूलभूत विज्ञानाकडे आधीच कमी येणारी मुले आणखी कमी होतील. हा धोका आहे. तथापि मुले विज्ञानाकडे पाठ फिरवितात ती कठीण म्हणून, की तीन वर्षांनी हाती काहीच लागत नाही म्हणून, याचा विचार व्हावा. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की पदवी ही नोकरी देणाऱ्यासाठी एक संकेत असते. संकेत खोटा ठरू लागला की मालक त्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतःची चाचणी घेतो, आणि खरोखर शिकलेल्या मुलाची पदवीही कवडीमोल होते. नियमांच्या सैलपणाची किंमत अशी चांगल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. ज्याचे काका-मामा कंपनीत नाहीत आणि ज्याची सारी भिस्त त्या कागदावरच आहे, त्याला ती सर्वांत अधिक मोजावी लागते.

तिसरा आक्षेप, संगणकावरील आभासी प्रयोगशाळा आता उपलब्ध आहेत, मग एवढा अट्टाहास कशासाठी? आभासी प्रयोग पूर्वतयारीस उत्तम. पण तेथील ब्युरेट कधी गळत नाही आणि तेथील द्रावण कधी चुकीचे बनत नाही. १८२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे लीबिग यांनी विद्यार्थ्यांस स्वतःच्या हाताने विश्लेषण करावयास लावले आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणाला नवे वळण दिले. प्रत्यक्ष पदार्थ हा चुकतो, अडतो आणि शिकवतो. दोन शतके झाली तरी या अनुभवाला पर्याय सापडलेला नाही.

कोऱ्या बाजूवर काय असावे?

तात्पर्य, नियमपत्रक रद्द करावे असे येथे सुचवावयाचे नाही. ते पुरे करावे, एवढेच म्हणणे आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूवर महाविद्यालयाने मराठीत आणि सहीनिशी पुढील गोष्टी लिहून द्याव्यात. या सत्रात प्रात्यक्षिकाचे इतके तास प्रत्यक्ष होतील व त्यांच्या तारखा या असतील. प्रत्येक विद्यार्थ्यास अनुमापनाचे स्वतंत्र साहित्य मिळेल. पहिले काही आठवडे हात बसविण्यासाठी राखून ठेवले जातील. चुकलेला प्रयोग अमुक दिवशी करता येईल. डोळ्यांना संरक्षण दिल्याखेरीज, आणि तोंडाने पिपेट ओढू देऊन, कोणताही प्रयोग करविला जाणार नाही. शिकताना होणाऱ्या साध्या मोडतोडीचा दंड घेतला जाणार नाही. खरे वाचन लिहिल्याबद्दल कोणाचाही गुण कापला जाणार नाही. ठरलेले तास झाले नाहीत तर ते भरून काढल्याशिवाय श्रेयांकांची नोंद केली जाणार नाही.

यांपैकी शेवटचे कलम सर्वांना झोंबेल, कारण त्यात दंड संस्थेला आहे. परंतु ७५ टक्क्यांची अट विद्यार्थ्याला लावताना जे तत्त्व आपण सांगतो, तेच हे तत्त्व आहे. विद्यापीठांच्या रसायनशास्त्र अभ्यास मंडळांनी या मजकुराचा एक नमुना तयार करून संलग्न महाविद्यालयांस पाठवावा. त्यासाठी नव्या कायद्याची वा दिल्लीच्या परवानगीची आवश्यकता नाही. आणि पालकांनी पुढील जून-जुलैत त्या पत्रकावर सही करण्यापूर्वी एकदा कागद उलटून पाहावा. पाठची बाजू कोरी असेल, तर ती कोरी का, असे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न पुरेशा घरांतून विचारला गेला, तर उत्तर देणे विभागांना आणि प्राचार्यांना फार काळ टाळता येणार नाही.